दिवा बंद, गाडी ठणठणीत, मग नापास कशी?

प्रश्न : आम्ही फ्रीमाँटला राहतो. घरच्या लग्नासाठी दोन महिने भारतात होतो. परत आलो तर गॅरेजमधली 2011 ची कोरोला ढिम्म. बॅटरी पार उतरली होती. नवी बसवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. डीएमव्ही या वाहन-नोंदणी खात्याची स्मॉग चेकची नोटीस टपालात येऊन पडलीच होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी तपासणीला गेलो. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि थोड्याच वेळात कागद हातात ठेवला : मॉनिटर अपूर्ण, नापास. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, धूर नाही, आवाज नाही. 'शंभर मैल फिरवून आणा' एवढंच तो म्हणाला. हे शंभर मैल कशासाठी? ड्राइव्हवेमध्ये तासभर इंजिन चालू ठेवलं तर भागणार नाही का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : ड्राइव्हवेमध्ये चालू ठेवून पेट्रोल जाईल आणि शेजारी वैतागतील, बाकी फारसं काही होणार नाही. शंभर मैलांचा सल्लाही अर्धाच आहे. नीट बेताने चालवली तर पन्नास-साठ मैलांतही काम होऊ शकतं, आणि रोजच्यासारखी ट्रॅफिकमध्ये सरपटत राहिली तर तीनशे मैलांनीही होत नाही. गाडी मैल मोजत नाही. तिला ठरावीक परिस्थिती हवी असते, आणि ती मिळेपर्यंत ती गप्प बसते.

आधी तपासणीत काय होतं ते पाहू. तुमच्या गाडीच्या धुरात त्या माणसाने नळी घातलीच नसणार. कॅलिफोर्नियात 2000 आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांचा धूर स्मॉग चेकमध्ये मोजतच नाहीत. मार्च 2015 पासून ही पद्धत आहे. बॉनेट उघडून सगळी प्रदूषणरोधक यंत्रणा जागेवर आहे ना ते पाहायचं, दिवा चालतो ना ते पाहायचं आणि मग स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला वायर लावून गाडीच्या संगणकालाच विचारायचं. 1999 आणि त्याआधीच्या गाड्यांना अजून धुराची परीक्षा द्यावी लागते, शहरी भागांत तर रोलरवर चाकं फिरवून. 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना काहीच नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त धूर सोडणारी एखादी जुनी मस्टँग निर्धास्त फिरते आणि तुमची बिचारी कोरोला अडकते, हा विनोद तिथे जुनाच आहे.

संगणकाला मुख्यतः तीन गोष्टी विचारल्या जातात. चेक इंजिनचा दिवा लावायची आज्ञा तू दिली आहेस का? कुठले दोष नोंदले आहेस? आणि तुझ्या सगळ्या तपासण्या करून झाल्या आहेत का? तुमची कोरोला पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तरली. अडखळली ती तिसऱ्याला.

या तपासण्यांनाच मॉनिटर म्हणतात. 1996 च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या पेट्रोल मोटारीत ही व्यवस्था सक्तीची आहे. काही तपासण्या इंजिन फिरत असेपर्यंत अखंड चालतात : सिलिंडर मिसफायर होतोय का, पेट्रोल-हवेचं प्रमाण हाताबाहेर जातंय का, सेन्सर आणि वायरिंग शाबूत आहे का. या तिन्हींची चिंता सहसा करावी लागत नाही. बाकीच्या मात्र आपापली वेळ येण्याची वाट पाहतात : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची आणि त्यांच्या हीटरची, टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेची, आणि गाडीत असेल तर धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरची. तपासणी एकदा पूर्ण झाली की संगणक तिच्यापुढे 'झाली' अशी खूण करतो. ही खूण टिकते ती बॅटरीच्या जिवावर. बॅटरी काढली किंवा पूर्ण मेली की सगळ्या खुणा पुसल्या जातात. तुमचं नेमकं हेच झालं.

आता तुमचा खरा सल : गाडीत दोष नाही, तर नापास का? कोऱ्या उत्तरपत्रिकेत एकही चूक नसते, म्हणून तिला पूर्ण गुण देत नाहीत, तसंच हे आहे. आणि उत्तरपत्रिका मुद्दाम कोरी करणारे लोक फार होते. स्टेशनच्या बाहेर गाडी उभी करायची, वीस-पंचवीस डॉलरच्या स्कॅनरने दोषाची नोंद पुसायची, दिवा विझला की आत शिरायचं. दोन दिवसांनी दिवा परत लागला तरी तोवर प्रमाणपत्र खिशात. मॉनिटर पूर्ण हवेत ही अट या चलाखीवर उतारा म्हणून आहे. कारण ज्या बटणाने दोष पुसला जातो, त्याच बटणाने मॉनिटरच्या खुणाही पुसल्या जातात.

लोक तिथेही थांबले नाहीत. नोंद पुसायची, बाकीचे मॉनिटर भरून घ्यायचे आणि ज्या भागात बिघाड आहे तेवढी तपासणी पूर्ण व्हायच्या आत परीक्षा उरकायची, असे बहाद्दर निघाले. म्हणून 2010 आणि नंतरच्या गाड्यांसाठी कॅलिफोर्नियाने जुलै 2019 पासून कायमस्वरूपी दोषनोंद बघायला सुरुवात केली. ही नोंद स्कॅनरने पुसत नाही आणि बॅटरी काढूनही जात नाही. दोष खरोखर गेला आहे हे गाडीने स्वतः तपासून पाहिलं की ती स्वतःच काढून टाकते. फक्त एक सवलत आहे : नोंद पुसल्यापासून इंजिन किमान 15 वेळा थंडाचं गरम झालं असेल आणि गाडी 200 मैल चालली असेल, तर उरलेल्या कायमस्वरूपी नोंदीकडे दुर्लक्ष करतात. तुमच्या गाडीत मुळात दोषच नव्हता, त्यामुळे हे कलम तुम्हाला लागू नाही. पुढची पायरीही लोकांनी गाठली आहेच. काही स्टेशनवाले वायर भलत्याच, धडधाकट गाडीला लावून तुमच्या गाडीचं प्रमाणपत्र काढतात आणि पकडले गेले की परवाना घालवून बसतात. असं कुणी सुचवलं तर तिथून निघा.

राज्य इतकं हट्टाला का पेटतं, याला इतिहास आहे. 1943 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर असा झोंबणारा धुरकट थर उतरला की ऐन युद्धात लोकांना जपानने विषारी वायू सोडल्याचा संशय आला. पुढे कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. गृहस्थ तोवर अननसाच्या वासात कोणकोणती रसायनं आहेत हे शोधत होते. हवेतली वाफ गोळा करायचं तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावलं, आणि मोटारी व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, असं दाखवलं. ही गोष्ट 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. 1967 मध्ये राज्याचं हवा मंडळ स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच झाले. बहुतेक गाड्यांसाठी दर दोन वर्षांची स्मॉग चेक 1984 पासून सुरू आहे.

आता गाडी नेमकी कशाची वाट पाहते ते सांगतो, म्हणजे कशी चालवायची ते वेगळं पाठ करावं लागणार नाही.

कन्व्हर्टर घ्या. सायलेन्सरच्या वाटेवरचा तो डबा काम करतो तो तापल्यावर, अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या वर. त्याच्या आतल्या थराला थोडा ऑक्सिजन साठवून ठेवता येतो, आणि कन्व्हर्टर म्हातारा झाला की ही साठवण आटते. डब्याच्या पुढे एक सेन्सर आणि मागे एक. तुमच्या कोरोलासारख्या टोयोटात संगणक काय करतो, तर गाडी एका वेगात चालली आहे असं दिसलं की मुद्दाम मिश्रण क्षणभर पेट्रोलकडे झुकवतो, मग हवेकडे. पुढच्या सेन्सरला हे ताबडतोब कळतं. मागच्याला ते कळायला किती वेळ लागतो, यावरून डब्यात किती ऑक्सिजन मावला याचा हिशेब होतो. निरोगी कन्व्हर्टर धक्का पोटात घेतो, मागचा सेन्सर बराच वेळ शांत राहतो. मरत आलेला कन्व्हर्टर पुढून आलेलं जसंच्या तसं मागे सोडतो. तुम्ही शांतपणे रेडिओ ऐकत असता तेव्हा पायाखाली हा प्रयोग चाललेला असतो आणि तुम्हाला कणभरही जाणवत नाही. पण त्यासाठी इंजिन पूर्ण गरम हवं, वेग आणि लोड स्थिर हवा, आणि हे काही मिनिटं सलग हवं. मध्येच ब्रेक लावला, चढ आला, कुणी आडवा घुसला की प्रयोग मोडतो आणि संगणक पुन्हा वाट पाहत बसतो. ड्राइव्हवेमध्ये तासभर उभं राहून का भागत नाही, याचं उत्तर यात आहे.

मागच्या ऑक्सिजन सेन्सरला तर वेगळंच काही हवं असतं. हायवेच्या वेगात असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात आणि सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. त्या हवेची दखल सेन्सर किती चपळाईने घेतो हे मोजलं जातं. त्यासाठी दहा-वीस सेकंद ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी आपोआप मंदावू द्यावी लागते. बे एरियातल्या हायवेवर दिवसाढवळ्या हे करून बघा; मागचा माणूस हॉर्न वाजवून तुमचा उद्धार करेल.

आणि वाफांची यंत्रणा. ही माझी सगळ्यात आवडती, कारण तिची तपासणी तुम्ही झोपेत असताना होते. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात आणि इंजिन चालू असताना जाळतात. या सगळ्या नळ्या-झाकणांत गळती नाही ना, हे पाहायचं. मर्यादा किती बारीक, तर अर्ध्या मिलिमीटरचं भोक. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत गाडी बंद करून पाच तास झाले की संगणक स्वतः जागा होतो आणि टाकीपाशी बसवलेला छोटा पंप सुरू करतो. पंप आधी नेमक्या अर्ध्या मिलिमीटरच्या एका मापाच्या छिद्रातून हवा ओढतो आणि तेव्हाचा दाब लक्षात ठेवतो. मग संपूर्ण टाकी ओढून बघतो. टाकीत त्याहून जास्त निर्वात झालं तर गळती त्या भोकाहून लहान, म्हणजे पास. पाच तास कशाला? गरम पेट्रोल आधी थंड होऊन शांत व्हायला हवं म्हणून. इंजिन अजून फार गरम असेल तर तो आणखी दोन तास थांबून पुन्हा बघतो. रात्री गॅरेजमधून गाडीच्या मागच्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका, तीच ही. टाकी काठोकाठ भरलेली किंवा तळाला गेलेली असेल, बाहेर कडाक्याची थंडी किंवा फार उकाडा असेल, तर ही तपासणी होत नाही.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं? टाकी पाव ते पाऊण यांच्या मध्ये ठेवा, आणि मॉनिटर भरेपर्यंत पेट्रोल भरायला थांबू नका. आदल्या संध्याकाळी गाडी उभी केली की रात्रभर हलवू नका, अधूनमधून किल्ली फिरवून बघायचा मोहही टाळा. रविवारी पहाटे निघा. सुरू करून दोन-तीन मिनिटं तशीच उभी ठेवा, मग हळूहळू हायवेला लागा. ताशी 55 ते 60 मैलांवर क्रूझ कंट्रोल लावून सपाट रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं सलग चालवा. फ्रीमाँटहून 680 हायवेने प्लेझंटनच्या दिशेला जाऊ नका. सुनोलचा चढ लागतो आणि लोड हलतो. उलट सॅन होजेच्या दिशेला जा. मागे कुणी नाही असं पाहून पाय काढून घ्या आणि वेग ताशी वीस मैलांच्या आसपास येईपर्यंत गाडी आपोआप मंदावू द्या. हे एक्झिटच्या रॅम्पवर सगळ्यात सोपं जातं. दोन-चारदा करा. परत येताना मिशन बुलेव्हार्डसारख्या सिग्नलांच्या रस्त्याने या, प्रत्येक लाल दिव्याला नीट अर्धा-पाऊण मिनिट उभे राहा, कारण काही तपासण्यांना हे थांबणं-निघणंच लागतं. घरी येऊन गाडी लावा आणि विसरा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बहुतेक गाड्या दोन-तीन सकाळींत मार्गी लागतात. टाकीत ओतायच्या बाटल्या कुणी विकत असेल तर घेऊ नका. त्यातून मॉनिटर भरत नाही.

सगळे मॉनिटर भरायची गरजही नाही, ही खुशखबर तपासणाऱ्याने तुम्हाला द्यायला हरकत नव्हती. 2000 आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना वाफांचा एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतो. फक्त तोच, दुसरा कुठलाही नाही. 1996 ते 1999 च्या गाड्यांना कुठलाही एक अपूर्ण चालतो. म्हणजे रात्री पंप गुणगुणला की नाही याची तुम्ही चिंता सोडा, बाकीचे भरले की निघा.

भरले की नाही हे कळायला पैसे मोजून पुन्हा परीक्षा द्यायची गरज नाही. वीस-पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ डोंगल सॉकेटला लावा आणि फोनवर बघा. दोन गोष्टी सांभाळा. बरीच ॲप दोन याद्या दाखवतात, एक नोंद पुसल्यापासूनची आणि एक आजच्या फेरीपुरती. आपल्याला पहिली हवी. दुसरं म्हणजे, त्याच पडद्यावर कुठेतरी 'क्लिअर कोड्स' असं बटण असतं. उत्साहाच्या भरात ते दाबलं की केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून रविवारची पहाट. डोंगल नको असेल तर होंडाच्या बऱ्याच गाड्यांत साधी सोय आहे : इंजिन सुरू न करता किल्ली 'ऑन'ला ठेवा. चेक इंजिनचा दिवा वीसेक सेकंदांनी मुकाट विझला तर मॉनिटर तयार, काही वेळा लुकलुकला तर बाकी.

मुदत जवळ आली असेल तर नोंदणीची फी डीएमव्हीला आधी भरून टाका. स्मॉगचं प्रमाणपत्र नंतर पोचलं तरी चालतं, पण फी उशिरा भरली तर दंड लागतो. पुढच्या वेळी भारतात जाताना बॅटरीची वायर काढून ठेवू नका, त्यानेही खुणा पुसल्या जातात. गॅरेजमध्ये प्लग असेल तर बॅटरी जिवंत ठेवणारा छोटा चार्जर लावून जा. आणि नोटीस जायच्या आधी आली असेल तर तपासणी आटोपूनच विमानात बसा. प्रमाणपत्र 90 दिवस चालतं.

प्रश्न : माझं दुखणं वरच्यासारखंच, पण महिना होत आला. रोज ऑफिसला जाते-येते, वीकेंडला लांब जाऊन आले, तरी कॅटॅलिस्ट अपूर्णच दाखवतो. दिवा लागत नाही. गाडी 2008 ची आहे. आता काय करू?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : इतक्या दिवसांनीही भरत नसेल तर न भरणं हेच लक्षण समजा. मेकॅनिककडे जायच्या आधी स्वतः चार गोष्टी बघता येतील.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर. तो उघडा अडकला की इंजिन नीट तापतच नाही. गाडी चालते, हीटर थोडा कोमट वाटतो, बाकी काही कळत नाही. डोंगलवर कूलंटचं तापमान पाहा. हायवेवर ते 85 ते 95 अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवं. 65-70 वरच घुटमळत असेल तर कन्व्हर्टरच्या तपासणीची वेळ कधी येणारच नाही. थर्मोस्टॅट स्वस्त असतो, मजुरी त्याहून जास्त लागेल.

दुसरं, 'पेंडिंग' कोड बघा. बहुतेक दोषांसाठी दिवा पहिल्या फेरीत लागत नाही. सलग दुसऱ्या फेरीत तोच दोष दिसला तर लागतो. तोवर तो पेंडिंग असतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरवर असा संशय असेल तर संगणक त्या सेन्सरच्या भरवशावर कन्व्हर्टरचा निकाल द्यायला तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे.

तिसरं, बॅटरीची टर्मिनल हाताने हलवून पाहा. सैल टर्मिनलमुळे खड्ड्यात क्षणभर वीज तुटते आणि खुणा पुसल्या जातात. डोंगलवर 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' दिसतं. महिनाभर चालवूनही तिथे बारा-पंधरा मैल दिसले तर चोर सापडला. वाईट हे की लोक इथपर्यंत येतच नाहीत, थेट हजार डॉलरचा कन्व्हर्टर बदलून घेतात. त्याने यातलं काहीच सुटत नाही.

चौथं तुमचं ऑफिसचं जाणं-येणं. सकाळचा 101 हायवे म्हणजे सलग स्थिर वेग मिळणं अशक्य. वीकेंडला लांब गेलात म्हणता. डोंगरात गेला असाल तर तेही उपयोगाचं नाही. वर सांगितलेली सपाट रस्त्यावरची रविवारची पहाट एकदा प्रामाणिकपणे करा.

हे सगळं करूनही नाही भरला तर गाडीचं मॉडेलच मुळात त्रासदायक असू शकतं. काही मॉडेलांच्या संगणकांत मॉनिटर नीट भरतच नाहीत, आणि राज्याचा ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर अशा गाड्यांची यादी ठेवतो. तपासणाऱ्याला ती बघायला सांगा. शेवटचा दरवाजा म्हणजे राज्याचा स्मॉग चेक रेफरी. वेळ घेऊन जावं लागतं, पण तिथली माणसं असल्याच गाड्या बघायला बसलेली असतात.

प्रश्न : आमच्याकडे पीयूसीला अजून सायलेन्सरमध्ये नळीच घालतात. मग हे मॉनिटर वगैरे आपल्या गाड्यांत असतं का? मी पाच-सहा वर्षं वापरलेली सेकंडहँड गाडी घ्यायच्या विचारात आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : असतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, 1 एप्रिल 2023 पासून त्याचा दुसरा टप्पा, आणि या काळात गाडीने स्वतःची तपासणी करत राहावी ही अट अधिकाधिक कडक झाली. स्टिअरिंगखालचं सॉकेट तेच, 16 पिनांचं. बीएस-4 च्या काळातल्या गाड्यांतही ते सापडेल, फक्त मॉनिटरची संख्या कमी असेल. पीयूसीवाला मात्र त्या सॉकेटकडे बघत नाही. तो आयडलवर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो, गाडीचा फोटो काढतो आणि बीएस-4, बीएस-6 असेल तर वर्षाचं प्रमाणपत्र देतो. आयडलवरचा धूर ही फार ढोबळ परीक्षा आहे. गाडी तापवून नेली तर अर्धमेला कन्व्हर्टरही त्यातून सुटू शकतो. माझ्या मते सॉकेट आहे तर ते वाचायला हवं.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. सेकंडहँड गाडी बघायला जाताना डोंगल बरोबर न्या. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. विकणाऱ्याची परवानगी घ्या आणि लावा. दिवा बंद आणि कोड एकही नाही, एवढ्यावर खूश होऊ नका. मॉनिटर पाहा. सगळे 'तयार' असतील आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर काही हजार किलोमीटर असेल तर उत्तम. उलट बरेच मॉनिटर अपूर्ण आणि अंतर आठ-दहा किलोमीटर, म्हणजे तुम्ही येण्याच्या जरा आधी कुणीतरी पाटी पुसली आहे.

विकणारा बहुधा म्हणेल, 'अहो, परवाच बॅटरी बदलली.' खरंही असेल. बॅटरीवरची तारीख आणि बिल बघायला मागा, वर फ्रीमाँटकरांचं तेच झालंय हेही लक्षात ठेवा, उगाच भांडू नका. पण टोकन देऊ नका. आठवड्याने परत येतो म्हणा आणि तोवर त्यालाच गाडी रोज चालवू दे, एकदा एक्स्प्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत. घाटात नाही भरणार, पण देहूरोडच्या पुढच्या सपाट पट्ट्यात भरतील. पेट्रोल त्याचं.